आग विझवायचा सिलिंडर रिफिलला द्यायच्या आधी एकदा मारून बघा

मागच्या ऑगस्टमध्ये, पावसाने आठवडाभर झड लावली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या ए विंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. वॉचमनकाका धावत गेले, भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला, पिन ओढली, नोजल आगीकडे धरलं आणि लिव्हर दाबली. फुस्स झालं. थोडी हवा निघाली, चिमूटभर भुकटी त्यांच्याच चपलांवर पडली आणि संपलं. त्यांनी परत दाबली, सिलिंडर हलवला, परत दाबली, काही नाही. तोवर बी विंगमधल्या एका मुलाने त्यांच्या जिन्यातला सिलिंडर पळवत आणला, तो चालला, आणि कुणीतरी मेन स्विच पाडला म्हणून दोन मीटर आणि वायरींचा गुंता जळण्यावर निभावलं. वर सात मजले, 28 घरं, आणि मीटर रूम जिन्याला चिकटून, म्हणजे धूर वर जाणार तो जिन्यातूनच आणि माणसं खाली येणार ती पण जिन्यातूनच.

मी सोसायटीची खजिनदार आहे. त्या सिलिंडरच्या टॅगवर फेब्रुवारीतल्या रिफिलची तारीख होती, पुढची ड्यू डेट पुढच्या फेब्रुवारीची, शिक्का होता, सही होती, आणि त्या बिलाचा चेक मी काढला होता. गेजचा काटा पण हिरव्यात होता, काका रोज त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून बसतात, त्यांना माहीत आहे. म्हणजे कागद बरोबर, टॅग बरोबर, काटा बरोबर आणि सिलिंडर बंद. त्या दिवसापासून माझं एक ठाम मत झालंय आणि ते सगळ्यांना पटेपर्यंत मी बोलत राहणार आहे, की रिफिलिंगला जाणारा सिलिंडर आधी आपल्या डोळ्यांसमोर मारून, म्हणजे लिव्हर दाबून चालवून, दाखवला पाहिजे, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक शाळेत, प्रत्येक हॉस्पिटलात, आणि त्याशिवाय मेंटेनन्सच्या सर्टिफिकेटला काही अर्थ धरू नये.

का ते सांगते. माझे मोठे दीर चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, त्यांना मी तो सिलिंडर दाखवला. त्यांनी उरलंसुरलं प्रेशर सोडलं, वरचं डोकं खोललं आणि सिलिंडर वर्तमानपत्रावर उलटा केला. काहीच पडलं नाही. मग सळईने टोचल्यावर ढेकळं पडायला लागली, पावसात भिजलेल्या सिमेंटच्या गोणीतून निघतात तशी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गॅस होता, पावडर पण होती, पण पावडर बसून तिचा दगड झालाय, गॅस त्यातून एक भोक पाडून निघून गेला, पावडरला घेऊन गेलाच नाही." आणि ते म्हणाले ही पावडर या फेब्रुवारीतली नाहीच, सहा महिन्यांत बंद सिलिंडरमध्ये असा दगड होत नाही, हा खोललाच नव्हता, फक्त टॅग बदलला असणार. खात्रीने कोण सांगणार, पण आतल्या नळीच्या तोंडाशी गंज आणि कडक झालेली रबरी रिंग बघून मला तरी दुसरं काही वाटलं नाही.

गेजबद्दल आपली फार मोठी गैरसमजूत आहे. काटा हिरव्यात म्हणजे सिलिंडर ठीक, असं आपण सगळे धरून चालतो, अगदी फायर ड्रिलमध्ये पण तेवढंच शिकवतात. काटा फक्त आतल्या दाबाचं सांगतो. पावडर भुरभुरीत आहे की दगड झालीय, वजनाला पूर्ण आहे की अर्धीच भरलीय, नोजलमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का, यातलं काहीही तो सांगत नाही. आणि काटा स्वतःच अडकलेला असू शकतो. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाल्या, काळ्या भोंग्याच्या सिलिंडरला तर बहुतेक वेळा गेज नसतंच, त्यात गॅस किती उरलाय हे वजन केल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि मी आजवर आमच्याकडे आलेल्या एकाही माणसाला वजनकाटा घेऊन आलेला बघितला नव्हता. जुन्या पद्धतीच्या, वरची मूठ आपटून चालू करायच्या सिलिंडरमध्ये छोटी गॅसची कार्ट्रिज असते, तिचं पण तसंच, काढून तोलायची असते.

नीट सर्व्हिसिंग म्हणजे काय असतं ते भाऊजींनी त्या दिवशी मला एक सिलिंडर पूर्ण खोलून दाखवलं. प्रेशर सोडायचं, डोकं खोलायचं, सगळी पावडर काढायची, आतली नळी आणि नोजल हवा मारून साफ करायचं, बॅटरी आत मारून गंज बघायचा, आटे साफ करायचे, रबरी रिंग बदलायची, नवी पावडर तोलून भरायची, मग नायट्रोजन किंवा कोरडी हवा साधारण 15 किलोच्या दाबापर्यंत, मग साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का बघायचं, मग पिन आणि सील. शिवाय ठराविक वर्षांनी नळकांड्यालाच पाण्याच्या दाबाखाली तपासायचं, म्हणजे हायड्रो टेस्ट, ती तारीख सिलिंडरवर नोंदवलेली पाहिजे. हे सगळं आपल्या आयएस 2190 या मानकात आहे, किती दिवसांनी काय तपासायचं, कुठे लावायचं, काही वर्षांनी सिलिंडर चालवून बघायची तरतूद पण त्यात आहे, म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये. आता हिशोब करा. हे प्रामाणिकपणे करायला एका सिलिंडरला वीस मिनिटं तरी हवीत, नायट्रोजनची टाकी हवी, वजनकाटा हवा, पावडरच्या गोण्या हव्यात. आमच्याकडे आलेला मुलगा मोटरसायकलवर आला होता, पाठीला सॅक, आणि दुपारच्या तीन तासांत 21 सिलिंडर "करून" गेला. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही, दिसलं, पण ते चूक आहे हे कळायला जे माहीत असावं लागतं ते मला माहीत नव्हतं. आणि माझ्यासारखे खजिनदार, सेक्रेटरी, मुख्याध्यापक या राज्यात हजारोंनी असतील.

आता कायद्याकडे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे आणि तो मी वाचला, वाईट कायदा नाहीये. जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकलीय, म्हणजे सोसायटीच्या बाबतीत आपल्यावरच. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून काम करून घ्यायचं आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सगळी यंत्रणा चालू स्थितीत आहे असं फॉर्म बी मधलं सर्टिफिकेट अग्निशमन विभागाला द्यायचं. आणि त्याच कायद्यात असंही आहे की प्रत्यक्षात देखभाल झालेली नसताना एजन्सीने असं सर्टिफिकेट द्यायचं नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हा धोका 2006 मध्येच दिसला होता. पण झालंय काय, की फॉर्म बी हीच वस्तू झालीय. आपण एजन्सीकडून चालणारा सिलिंडर विकत घेत नाही, फॉर्म बी विकत घेतो. कोटेशन मागवतानाच फोनवर विचारतात, मॅडम फक्त फॉर्म बी पाहिजे की रिफिलिंग पण, आणि हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटत नाही. रिफिलिंगशिवाय, तपासणीशिवाय फॉर्म बी ला काय किंमत आहे?

ज्यांना वाटतंय की एका मीटर रूमवरून मी फार मोठं बोलतेय त्यांनी 2021 साल आठवावं. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, 17 बाळांपैकी 10 गेली, 7 वाचवता आली. राज्य हादरलं, सगळ्या हॉस्पिटलांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारला एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आग, त्या रात्री 13 रुग्ण गेले, ती तारीख 23 एप्रिल, म्हणजे अग्निशमन सप्ताह संपून जेमतेम तीन दिवस झालेले. नोव्हेंबरात भाऊबीजेच्या दिवशी नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात आग, 11 गेले. एकाच वर्षात या तीन, आणि पहिल्यानंतर ऑडिटचे आदेश निघालेले असताना पुढच्या दोन. या आगी सिलिंडर न चालल्यामुळे वाढल्या असं मी म्हणत नाहीये, प्रत्येकीची कारणं वेगळी आहेत आणि चौकशा झाल्या आहेत. माझं म्हणणं ऑडिट या शब्दाबद्दल आहे. आदेश निघतो, कागद फिरतो, सह्या होतात, आणि आग लागल्यावरच कळतं की प्रत्यक्षात काय चालू होतं आणि काय नव्हतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये झाशीच्या मेडिकल कॉलेजात परत नवजात बाळांच्याच वॉर्डात आग लागली तेव्हा तिथले सिलिंडर मुदत संपलेले होते अशा बातम्या आल्या आणि सरकारने ते नाकारलं. म्हणजे सिलिंडर चांगले होते की नव्हते यावर वाद घालायची वेळ आग विझल्यानंतर आली, हेच मला भयंकर वाटतं. ते आधी मारून बघितलेले असते, त्याची तारखेसकट नोंद असती, तर वाद कशाचा राहिला असता?

आणि हा अग्निशमन सप्ताह 14 एप्रिललाच का सुरू होतो ते तरी आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात, आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्यासाठी आपण दरवर्षी छातीला झेंडा लावतो, शाळांतून चित्रकला स्पर्धा घेतो. त्या आठवड्यात प्रत्येक इमारतीत एक सिलिंडर मारला गेला तर ती त्या जवानांची जास्त खरी आठवण होईल असं मला मनापासून वाटतं.

मग आम्ही केलं काय. फेब्रुवारीची वाट न बघता सप्टेंबरमध्ये एका रविवारी सकाळी उरलेले सगळे सिलिंडर मागच्या मोकळ्या जागेत आणले. गाड्या आधी लांब नेल्या, कारण ही पावडर ओलसर धातूला खाते आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत गेली तर निघत नाही, आणि दम्याच्या लोकांना गॅलरीतूनच बघायला सांगितलं. आधी रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा आणला आणि एकेक तोलला, सिलिंडरच्या अंगावर भरलेलं वजन छापलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघितलं. मग पत्र्याच्या जुन्या घमेल्यात लाकडाच्या ढलप्या पेटवल्या आणि एकेकाने येऊन मारायचा. पहिल्या सातातच दोन गेले. एक आमच्या आधीच्यासारखाच, आणि दुसऱ्याचं नोजल मातीने बंद, कुंभारमाशी. बाकी चालले. पण त्या दोन तासांत जे झालं ते कुठल्याही ड्रिलमध्ये झालं नसतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी, सत्तरीच्या पुढच्या, त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, मी एकटी असते दिवसभर, मला पण दाखव. त्यांना सहा किलोचा उचलवेना, पण जमिनीवर ठेवून नोजल धरून त्यांनी मारला. एका मुलीने पिन न काढताच लिव्हर दाबायचा प्रयत्न केला, किती तरी वेळ, आणि आग लागलेली असताना हेच होतं. आणि सगळ्यांना सगळ्यात धक्का बसला तो वेळेचा. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. लोकांना वाटत होतं पाच मिनिटं तरी चालेल. ज्वाळांच्या टोकावर मारला तर तो वायाच जातो, खाली बुडाशी, जिथे जळतंय तिथे झाडू फिरवल्यासारखा मारावा लागतो, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही.

आता लोक काय म्हणतात ते पण ऐकून घेतलंय मी, आमच्या एजीएममध्येच, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत. पहिलं, खर्च. अहो, रिफिल करायचा म्हणजे जुनी पावडर टाकूनच द्यायची असते, खरोखर रिफिल करणार असाल तर. मग ती टाकायच्या आधी हवेत मारली तर जादा खर्च कशाचा? जिथे मारून दाखवायला एजन्सी जादा पैसे मागते तिथे समजून घ्यायचं की ती पावडर बदलणारच नव्हती. आणि वर जाऊन मी म्हणेन की कमी भावाचं कोटेशन हा या सगळ्या दुखण्याचा अर्धा भाग आहे, आम्हीच तीन कोटेशनांतलं सगळ्यात कमीचं घेतलं होतं आणि तो भाव इतका कमी होता की नुसती चांगली पावडर पण त्यात बसली नसती. पावडरमध्ये पण प्रकार आहेत, एबीसी पावडरमध्ये, म्हणजे लाकूड-कापड, तेल आणि गॅस या तिन्ही आगींवर चालणाऱ्या पावडरमध्ये, जे मोनो अमोनियम फॉस्फेट असतं ते 90 टक्क्यांचं की 50 टक्क्यांचं, बिलावर लिहून मागा, कुणी मागत नाही म्हणून कुणी लिहीत नाही. आणि एक अगदी महत्त्वाचं, जुन्या खायच्या सोड्याच्या जातीच्या, फक्त तेल-गॅसच्या आगींवरच्या बीसी पावडरमध्ये एबीसी मिसळायची नसते, दोघांची आपसात रिॲक्शन होऊन गुठळ्या होतात आणि आत दाब वाढतो, तेव्हा "थोडी वरून टाकून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरं, काही लोक म्हणतात की सामान्य माणसाने आग विझवायच्या भानगडीत पडूच नये, बाहेर पळावं आणि फायर ब्रिगेडला बोलवावं, मग सिलिंडरचं एवढं कशाला. यातलं निम्मं मला मान्य आहे. आग छताला पोचली, धुराने दिसेनासं झालं, मागे दार राहिलं नाही, की सिलिंडर टाकून पळायचं, यात बहादुरी दाखवायची नाही. पण मीटर रूममधली पहिली ठिणगी, देवघरातली समई पडून पेटलेला पडदा, पार्किंगमध्ये चार्जिंगचं बोर्ड जळायला लागलं, हे पहिल्या एक-दोन मिनिटांतलं काम आहे आणि संध्याकाळी सातला आमच्या रस्त्यावर फायर ब्रिगेडची गाडी दोन मिनिटांत येऊ शकत नाही, त्यांचा दोष नाही, रस्ता तसा आहे. कढईतलं तेल पेटलं तर मात्र सिलिंडर जवळून मारू नका, तेल उडतं, आधी गॅस बंद आणि वर झाकण.

तिसरं, की एजन्सीवाल्या पोरांच्या पोटावर कशाला पाय देता. तो मोटरसायकलवरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल, त्याला दिवसाला तीन सोसायट्या "उरका" म्हणून पाठवलेलं, त्याच्याकडे ना टाकी ना काटा, आणि त्याला कुणी शिकवलं पण नसेल. मला राग त्याच्यावर नाहीये. राग त्या व्यवस्थेवर आहे जिच्यात न केलेलं काम आणि केलेलं काम बाहेरून अगदी सारखं दिसतं, एकच टॅग, एकच शिक्का. यामुळे जो प्रामाणिक आहे, ज्याच्याकडे सगळी साधनं आहेत, तो महाग ठरून बाहेर फेकला जातो. समोर मारून दाखवायची अट आली तर पहिला फायदा त्यालाच होणार आहे.

सरकारकडून पण मला काही फार मोठं नको. माणसं कमी आहेत, प्रत्येक इमारत तपासता येणार नाही, मान्य. पण फॉर्म बी सोबत प्रत्येक सिलिंडरचा नंबर, बनवल्याचं वर्ष, हायड्रो टेस्टची तारीख, भरल्यानंतरचं वजन आणि मारून बघितल्याची तारीख एवढी यादी सक्तीची करायला काय जातं? आणि आलेल्या फॉर्ममधून चिठ्ठी काढल्यासारख्या थोड्या इमारती निवडून, न सांगता जाऊन, दोन सिलिंडर जागेवर मारायचे. चालले नाहीत तर नोटीस सोसायटीला जाते तशीच सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीला पण जायला हवी, आणि तिचं लायसन्स पणाला लागायला हवं. एका एजन्सीवर अशी कारवाई झालेली दिसली की बाकीचे आपोआप वजनकाटे विकत घेतील. सरकारी शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं यांना तर याची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथे एजीएम नाही, भांडणारा सेक्रेटरी नाही, सिलिंडर कुणी आणला, कधी भरला, ते आताच्या हेडमास्तरांना पण सांगता येत नाही, आणि आत दोनशे पोरं बसलेली असतात.

आमच्यापुरतं सांगते. येत्या जानेवारीच्या फॉर्म बी साठी मी पाच एजन्सींना फोन केले आणि पहिलीच अट सांगितली, की रविवारी सकाळी दहा वाजता, सभासदांसमोर, जे सिलिंडर रिफिलला ठरलेत ते मारायचे, मग आमच्या समोर खोलायचे, तोलून भरायचे आणि वजन रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. दोघांनी फोन ठेवला. एकाने सांगितलं असं कुणी करत नाही. एकाने दुप्पट भाव सांगितला. पाचव्याने विचारलं, "तुमच्याकडे पावडर उडवायला मोकळी जागा आहे ना, आणि मारायला माणसं किती येतील, कारण मी दोन घमेली आणि मास्क घेऊन येतो." त्याचा भाव मागच्या वर्षीपेक्षा जास्त आहे. कमिटीत मी तोच मांडणार आहे आणि मंजूर होईपर्यंत आधीच्या एजन्सीच्या नावाचा चेक काढणार नाही.